फ्राउ क्राउझेविरुद्ध तक्रार

"सर, त्या बाईला आधी काढा. ती असंल तर आमी हेडसेट घालणार न्हाय."

बिराजदार सरांच्या केबिनमध्ये दुधनीची महादेवी तावातावानं बोलत होती. तिच्यामागं वळसंगची सविता आणि बाकीची बॅच. बिराजदार सर आमच्या इन्स्टिट्यूटचे डायरेक्टर. मी तिथं जर्मन शिकवतो. चेहरा जमेल तितका गंभीर ठेवून मी दाराशी उभा होतो. कारण ती बाई मीच होतो.

या मुली नर्सिंग झालेल्या. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर जर्मनची तोंडी परीक्षा द्यावी लागते. महादेवी घरी कन्नड बोलते, बाहेर मराठी. पण जर्मन म्हटलं की तिचंही तोंड बंद. व्याकरण सगळ्यांचं पक्कं, फक्त चुकलं तर हसतील ही भीती. म्हणून आम्ही व्हर्च्युअल वर्ल्ड घेतलं. म्हणजे कॉम्प्युटरनं उभं केलेलं एक जर्मन गाव. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण त्या गावात. आपल्या जागी तिथं एक बाहुली वावरते, तिला अवतार म्हणतात.

सुरुवातीला सगळ्या अवतारांनी एकमेकांना ‘गुटेन टाग’ म्हटलं आणि भिंतीला टेकून गप्प उभे राहिले.

"महिनाभरात बोलल्या नाहीत तर हे खेळणं परत," बिराजदार सर म्हणाले. "आणि बॅचही बंद."

मग मी त्या गावात फ्राउ क्राउझे आणल्या, म्हणजे माझाच अवतार. फ्राउ म्हणजे बाई. पांढरे केस, हातात काठी, मुक्काम मुलींच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. मी शेजारच्या खोलीतून बोलायचो, सॉफ्टवेअर माझा आवाज बायकी करायचं. जर्मनीतल्या एक निवृत्त बाई ऑनलाइन येतात, असं मुलींना सांगून टाकलं.

बाई महाकजाग. कचरा चुकीच्या डब्यात का टाकला? रविवारी एवढ्या मोठ्यानं का हसता? पहिल्या दिवशी मुली रडकुंडीला आल्या. दुसऱ्या दिवशी महादेवीनं वर्गात हात वर केला.

"सर, ‘तुमाला काय करायचंय?’ हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?"

मी फळ्यावर लिहून दिलं. त्याच दुपारी तिनं ते मला ऐकवलं. मग रोजचंच झालं. सकाळी मी शब्द पुरवायचो, दुपारी शिव्या खायचो. आणि आता प्रकरण केबिनपर्यंत आलं होतं.

"चला, मीच बघतो त्या बाईंना," बिराजदार सर उठले. मी ‘सर्व्हर बघतो’ म्हणून शेजारच्या खोलीत पळालो.

सरांनी हेडसेट चढवला, मागोमाग मुलींनीही. सरांचा अवतार गावात उतरला तो थेट क्राउझेबाईंच्या फुलझाडांवर. मी सोडतो होय! बाईंनी त्यांना असं फैलावर घेतलं की सर आधी इंग्रजीत बोलले, मग मराठीत, मग मुलींच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांच्या बाजूनं मुली पुढं सरसावल्या. आमचे सर आहेत, नवीन आहेत, झाडं चुकून तुडवली, तुम्हीच जरा नीट बोला! सगळं जर्मनमध्ये, न अडखळता. ऐन रंगात मला सटासट तीन शिंका आल्या. माइक मी लगेच बंद केला, पण मधली भिंत प्लायवूडची.

सर हेडसेट काढून बाहेर आले ते खुशीत. "मुली काय बोलल्या हो! या बाईंना सोडू नका. एकदा सोलापूरला बोलवा, सत्कार करू."

"त्यांना प्रवास झेपत नाही सर. गुडघे दुखतात."

"गुडघ्याचं म्हाईत न्हाय," महादेवी माझ्याकडं बघत म्हणाली, "पर बाईंना सर्दी लई हाय, न्हाय का सर?"

मागं सगळ्या तोंडावर हात धरून हसत होत्या. केबिनमधली तक्रार त्यांनी तिथंच मागं घेतली.

परीक्षेत सगळ्या पास झाल्या. सविता थोडक्यात वाचली. परीक्षेतल्या जोडीदाराबरोबर सहलीचा बेत ठरवायचा प्रश्न होता. तिनं त्याच्या सगळ्या सूचना उडवून लावल्या आणि स्वतःचाच बेत कबूल करून घेतला. परीक्षक मला म्हणाले, "भाषा उत्तम. पण थोडं नमतं घ्यायला शिकवा."

भांडायला लावलं की माणूस परकी भाषा लवकर बोलतो, हे मला कळलं. आता पुढच्या बॅचला ‘माफ करा’ आधी शिकवतो.