विरी गेलेलं पीठ

जालन्याच्या धान्याच्या मोंढ्यातला आमचा मापाडी पोत्यातला दाणा दाताखाली फोडल्याशिवाय काट्याला हात लावत नाही. दाणा कटकन फुटला की मान हलवतो आणि ज्वारी केदारखेड्याकडची की अंबडकडची, तेही सांगून टाकतो. जेवायला कुठं जावं असं विचारलं, तर म्हणतो, "जिथं भाकर थापल्याचा आवाज येऊन राह्यला, तिथं बसा."

आम्ही चार-पाच हौशी मंडळी महागडी हॉटेलं शोधत हिंडतो आणि एकमेकांना शिफारशी पाठवतो. मागं एकदा त्यालाही नव्या हॉटेलात नेलं. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत रुपयाएवढी भाकरी आली, वर ठेच्याचा ठिपका. आम्ही फोटो काढत बसलो. त्यानं ठेचा बाजूला सारून नुसती भाकर चावली आणि म्हणाला, "अजून एक आणा. बराबर कळली न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही मागणी ऐकून शेफ स्वतःच दुसरी घेऊन आला. ती खाऊन हा म्हणाला, "ज्वारी झकास हाय. पण पिठाची विरी गेली, चिकटपणा उरला न्हाई, कडा फुटून राह्यल्या. आठ दिवसांचं पीठ हाय का?"

शेफनं ताटलीत उरलेला तुकडा उचलून कड पाहिली. मग म्हणाला, "दहा."

काल पुन्हा गेलो. पीठ सकाळीच दळलेलं होतं. पहिली ताटली शेफनं त्याच्यापुढं ठेवली आणि त्यानं मान हलवेपर्यंत हात बांधून उभा राहिला.

"कोण हो हे?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"आमचे मापाडी," मी जरा मोठ्यानंच सांगितलं.