भिकन मास्तरांचा फोटो

भिकन मास्तरांचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी अभिमन पाटील भागाबाईच्या दारात हजर. डोक्याला जरीचा फेटा, चेहऱ्यावर बेताचं दुःख.

"अक्का, गुरुजीस्ना फोटो पाहिजे शे. शाळामा लावसूत. बठ्ठा गावनी इच्छा शे."

भागाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. नवरा जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि रडायला आलेल्या सगळ्या गावातून तिला एकाच माणसाचा राग येत होता. तो आता समोर उभा होता. फोटो आतल्या पेटीत होता, धुळ्याला ट्रेनिंग पुरं झालं तेव्हा फेटा बांधून काढलेला. ती म्हणाली, "बस. इचार करू दे." आणि खरोखरच विचार करायला लागली. तेवढा वेळ पाटलाला ताटकळत बसणं भाग होतं.

पारोळ्यापासून दोन कोसांवरच्या या गावात मास्तर आले, तेव्हा शाळा म्हणजे एक कडुनिंब. मारुतीच्या देवळात शाळा भरवा, असं गाव म्हणत होतं. मास्तरांनी ऐकलं नाही. देवळात महारवाड्यातली पोरं आली नसती, आणि मास्तरांना ती हवी होती. ते काही मोठे सुधारक नव्हते. शिकवायचं तर सगळ्यांना, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं, आणि एकदा बसलं की बसलं.

झाडाखाली त्यांनी केलं ते असं. सकाळी सावली लांबलचक असायची. गावातली पोरं बुंध्याशी, महारवाड्यातली पार सावलीच्या शेपटाला. येणारा-जाणारा बघायचा, अंतर बरोबर आहे म्हणून समाधानानं शेताकडे जायचा. मग ऊन चढायचं. सावली आखडायची, तशी पोरं सरकायची. खानदेशातलं ऊन ते, त्यात बस म्हणायची कोणाची छाती होती? दुपारी सगळी पोरं बुंध्याभोवती मांडीला मांडी लावून पावकी-निमकी घोकत असायची. बघायला कोणी नसायचं, गाव शेतात. मास्तरांनी शाळा मुद्दाम भर दुपारपर्यंत चालवली, आणि वर्षानुवर्षं हे चाललं. पाटलाचा अभिमन तेव्हा गणितात ठार ढ. त्याला अडीचकी शिकवली ती वना महाराच्या पुनानं, एकाच पाटीवर, आपल्या बाहीनं पुसून पुसून.

मग मास्तरांना शाळेच्या इमारतीचं वेड लागलं. पावसाळ्यात पोरं भिजायची, पुस्तकं कुजायची. गावोगाव फिरून त्यांनी लाकूड मागितलं, दगड मागितला. वना आणि त्याचे भाऊबंद नदीतून दगड वाहून आणत होते. "आमना पोर्‍ये बठतीन आठे," असं म्हणत वाहत होते. शेवटी तुळई कमी पडली, तेव्हा कडुनिंब तोडायचा ठरला. भागाबाई म्हणाली, झाड राहू द्या. मास्तर हसले. छप्पर आल्यावर झाड कशाला, म्हणाले.

इमारत उभी राहिली तसे अभिमनचे वडील, सुकदेव पाटील, म्हणाले, "मास्तर, घरनी वास्तुशांत करतस, मंग इद्याना घरनी नको का?" इमारतीला जागा पाटलानंच दिलेली, मास्तर उपकाराखाली वाकलेले. हो म्हणाले. त्यांची चूक झाली ती इथे. होम झाला, गणपती बसला, गावजेवण उठलं. दुसऱ्या दिवशी पुना पाटी घेऊन उंबऱ्यात आला, तर गाव खवळून उठलं. काल शांत केली आणि आज बाटवता? झाडाची कोणी वास्तुशांत केली नव्हती, म्हणून तिथं बाटायलाही काही नव्हतं. आता भिंती होत्या, देव होता, उंबरा होता.

पुना ओट्यावर बसला. ओटा पश्चिमेचा, दुपारनंतर तव्यासारखा तापायचा. मास्तर त्या दिवसापासून खुर्चीवर बसले नाहीत. दारात उभं राहून शिकवायचे, आतल्यांनाही ऐकू जावं आणि बाहेरच्यांनाही. पाय सुजायचे. भागाबाई रोज संध्याकाळी ते शेकायची आणि गावाला शिव्या घालायची. वरून हुकूम आला, सगळी पोरं एकत्र बसवा. साहेब तपासायला आले तेव्हा गावानं पोरांना एकत्र बसवलंही. साहेबांनी छान शेरा मारला. साहेबांची बैलगाडी वेशीबाहेर पडली आणि महारवाड्यातली पोरं परत ओट्यावर. पुना तिसरीतून उठला आणि धुळ्याच्या गिरणीत लागला. अभिमन सातवी पास झाला.

बाप गेल्यावर अभिमन पाटील झाला, तेव्हा मास्तरांना वाटलं, आता आपलंच पोर आहे. आनंदानं त्याच्याकडे गेले. म्हणाले, "अभिमन, तू नि पुना एकच पाटीवर शिकनात ना रे?"

अभिमन मोकळेपणी हसला. "गुरुजी, ती झाडनी गोट व्हती."

मास्तर घरी आले ते जेवलेच नाहीत. "भागा, मन्हा हातवरी मी त्यास्ले बाहेर बसाडं," एवढंच म्हणाले. तो माणूस त्यानंतर मरेपर्यंत शिकवत राहिला, पण पुन्हा मनापासून हसलेला तिनं पाहिला नाही.

तांदूळ निवडून झाले. भागाबाईनं सूप बाजूला सारलं.

"फोटो देसू," ती म्हणाली. "पन ओटावर लाव."

"ओटावर?" पाटील गोंधळला. "अक्का, तठे ऊन लागस, पाऊस लागस. फोटो खराब व्हई जाई."

"आनि पोर्‍ये?"

पाटलानं फेटा सारखा केला. "पाहसूत," म्हणाला आणि निघून गेला. भागाबाईला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आता गाव पुन्हा दारात येईल, फोटोसाठी तरी तिचं ऐकेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. ती वाट बघत राहिली.

महिना उलटल्यावर एका सकाळी म्हातारा वना अंगणात येऊन टेकला.

"काय व्हयनं वनाभाऊ?"

"गुरुजीस्ना फोटो लागना काल शाळामा. पाटीलनी जळगावथीन चितारी आना व्हता. भाषणं व्हयनीत, हार घाला. मी खिडकीमाईन दखं."

"फोटो तर मनाजोडे शे!"

"चितारीले पाटीलनीच सांगं, नाक आसं, डोया आशा. तोंड जमनं नही अक्का, फेटा तेवढा जमना. मंग नवा मास्तरनी पोर्‍यास्ले पाया पडाले लावं. आतला पोर्‍ये आत पडनात. मन्हा नातूनी ओटावरथीन हात जोडात. माले इचारस, आबा, ह्या कोन? मी सांगं, आपला मास्तर."

भागाबाईनं तोंडाला पदर लावला. दहाव्यालाही ती एवढी रडली नव्हती.