सालानं ठेवलेले आठ सर्व्हर

आमच्या घरात वर्षाचं जे काही ठरायचं ते पाडव्याला ठरायचं. वैजापूरकडचं, मेंढरं राखणारं आमचं घर. शेती मागाहून आली. शेतावर वर्षभरासाठी ठेवायचा सालगडी पाडव्यालाच ठरे. धान्य किती, पैसे किती, कपड्यांचे जोड किती, चपला कुणी घ्यायच्या, हे बोलून झालं की नारळ फुटायचा आणि मग वर्षभर कुणी शब्द फिरवायचा नाही. हे अंगात इतकं मुरलेलं, की कॉम्प्युटर शिकून, वाळूजच्या कंपनीत पाच वर्षं काढून, गारखेड्यात भाड्याचा फ्लॅट घेऊनसुद्धा, सर्व्हर घ्यायची वेळ आली तेव्हा मी पाडव्याची वाट बघत बसले.

नोकरी सोडून मी पाण्याचे टँकर बुक करायची वेबसाइट काढली होती. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मी शहरात आले तेव्हा जिथं ज्वारी उभी असायची तिथं चार मजली इमारती झाल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एक कोरडी बोअर होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तो दिवस हुकला की सकाळी सहा वाजता सगळी वस्ती माझ्या वेबसाइटवर. बुकिंग एकदा केलं की माणसं गप्प बसत नसत. आपला नंबर कितवा आला हे दर मिनिटाला बघत. आणि नळाला पाणी आलं की चिटपाखरू फिरकत नसे.

फाल्गुनात असाच एक दिवस हुकला आणि माझा एकुलता एक छोटा सर्व्हर सव्वासहाला बंद पडला. वेबसाइटवर माझाच फोन नंबर होता. तासाभरात मी इतक्या शिव्या खाल्ल्या की नाश्त्याची गरज उरली नाही. शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ तर बादली घेऊन दारात आले. "कुठंय तो सर्व्हर? बोलवा त्याला, मी समजावून सांगतो." तो परदेशी कंपनीच्या मशिनींवर कुठंतरी लांब असतो, हे मी सांगितलं, तर ते म्हणाले, "मग इथं दुष्काळात तुम्ही त्याला सुट्टी दिलीच कशी?" मी त्यांना अर्धी बादली पाणी दिलं, तेव्हा गेले. हसण्यासारखं होतं, पण एका बाईचा फोन मला विसरता येईना. दहा दिवसांचं बाळ घरात, आणि पिंपात थेंब नाही. ती ओरडली नाही, नुसती "बघा ना काहीतरी" म्हणाली.

म्हणून पाडव्याला मी आठ सर्व्हर घेतले. तेही वर्षाच्या बोलीनं. कारण वर्षाची बोली केली की दर निम्म्यावर येत होता. फक्त वापरा किंवा वापरू नका, दरमहा पैसे द्यायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा माझ्याकडंच राहायला आले होते. गावाकडं चारा नव्हता, पाणी नव्हतं. चाळीस मेंढरांचा कळप जवळजवळ सगळा विकून झाला होता. चार मेंढ्या तेवढ्या त्यांनी राखल्या होत्या आणि हर्सूलजवळ एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्यात ठेवल्या होत्या. रोज सिटी बस पकडून ते त्यांना भेटायला जात. कंडक्टरला सांगत, "लेकी हायेत तिकडं." या चारांतून पुन्हा कळप उभा करायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

मी त्यांना सर्व्हरचे दर समजावून सांगितले. एक सालानं घ्यायचा, स्वस्त पण बांधलेला. दुसरा रोजानं, महाग, पण काम संपलं की सुट्टी.

"आन् तिसरा?" स्क्रीनवरच्या तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवत आबांनी विचारलं.

"तो सगळ्यात स्वस्त. पण जास्त पैसे देणारा कुणी आला की अर्ध्या कामातून उठून जातो."

"माझा मावसभाऊ," आबा म्हणाले. मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "आठ सालानं? आठांना रोज पुरंल एवढं काम हाय का?"

"उन्हाळ्यात आहे."

"मंग ठीक," ते म्हणाले आणि त्या आठांना चपला कुणी घ्यायच्या असं विचारून स्वतःच हसत बसले. मला वाटलं, त्यांना पटलं.

उन्हाळाभर मी राणीसारखी होते. आठही सर्व्हर राबत होते, वेबसाइट एकदाही पडली नाही, आणि दर टँकरमागं मिळणाऱ्या कमिशनवर घर चाललं होतं. मग त्या वर्षी पाऊस आला. गच्च आला. गारखेड्यातल्या गच्च्यांवर लोक नाचले, मीही नाचले, आणि महिनाअखेर बिल बघून खाली बसले. दिवसभरात तीन बुकिंग, त्यातलं एक चुकून. आठ सर्व्हर मात्र पाटलाच्या पाहुण्यांसारखे बसून खात होते. बोली मोडता येत नव्हती. साठवलेले पैसे श्रावणात संपले. भादव्यात मी जुन्या कंपनीत फोन करायचा विचार करत होते, तेव्हा आबा जेवता जेवता म्हणाले, "उद्या बाजार हाय. त्या चार देतो इकून."

मी चिडले. खरं तर मला रडू येत होतं, पण आमच्या घरात त्याच्याआधी चिडायची पद्धत आहे. "आबा, चूक माझी आहे. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मग बोलला का नाही?"

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "कोन्या तोंडानं बोलू, माय? दुष्काळाच्या आदल्या साली गवत कमरेएवढं व्हतं. ते बघून मी चाळीस ठेवली. वैशाखात कितींना पाजता येतंय, ते मोजलं नाय. मंग पडंल त्या भावानं इकली. तू तहान बघून आठ घेतलीस, मी गवत बघून चाळीस. येकाच घरचे आपन." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा घास घेतला. "सालानं तेवढंच ठेवायचं, जेवढं सगळ्यात वाईट महिन्यात पोसतं. वरचं समदं रोजानं."

चाळीस मेंढरांबद्दल ते तोवर एक अक्षर बोलले नव्हते. भांडी घासता घासता तेच पुढं म्हणाले, "गडी रिकामे हायेत, तर दुसऱ्याच्या वावरात लाव की. त्यांना काय, काम कुनाचं बी आसू दे."

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मुलांचा एक क्लास होता. त्यांची ऑनलाइन परीक्षा पावसाळाभर दर रविवारी भरायची आणि दर रविवारी बंद पडायची. जिन्यात पालकांचा आरडाओरडा मी स्वतः ऐकत होते. माझे आठ सर्व्हर झोपलेले आणि खाली ही बोंब, आणि मला महिनाभर सुचलं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. माझ्या सहा सर्व्हरवर त्यांची परीक्षा घ्यायची, भाडं त्यांनी द्यायचं, असं दहा मिनिटांत ठरलं. आबा बाजारात निघाले होते, त्यांना गेटवर अडवून हे सांगितलं. ते बस पकडून हर्सूलला गेले आणि संध्याकाळी पेढे घेऊन आले.

पुढच्या पाडव्याला मी शहाणी झाले होते. दोनच सर्व्हर सालानं घेतले. बाकीचे रोजानं, ज्या दिवशी नळ यायचा असेल त्या दिवशी पहाटे साडेपाचलाच हजर राहायचे, म्हणजे दिवस हुकला तरी सहाला गडी तयार. नळ आला की त्यांना सुट्टी. महिन्याची आकडेमोड वगैरे थांबली तरी चालेल अशी कामं त्या तिसऱ्या रकान्यातल्या मावसभावाकडं. आबांनी लॅपटॉपपुढं नारळ फोडला, पाणी की-बोर्डवर उडालं, ते मी शहाणपणानं पुसून घेतलं.

मग ते घसा खाकरून म्हणाले, "त्या चारांतली येक मेंढी यालीय. पाट झालीय, मादी. म्हंजे आता पाच."

मी संधी सोडणार नव्हते. "वैशाखात पोसतील तेवढीच सालानं ठेवायची, असं तुम्हीच म्हणाला होतात. गोठ्यात पाणी तर चारांपुरतंच."

"व्हय."

"मग पाचवीचं काय?"

आबांनी फोन काढला, चष्मा चढवला, आणि माझीच वेबसाइट उघडून एकेक अक्षर शोधत त्यात हर्सूल लिहिलं.

"ती रोजानं," ते म्हणाले. "टँकर किती वाजता धाडतीस?"