परवानगीसाठी नेलेला बेडूक

हसायचं तर खुशाल हसा, मी अडवणार नाही. फक्त चहा जपून प्या, ठसका लागेल. असा गाढवपणा मी जन्मात दुसरा केला नाही.

मुलुंडला चाळीत आमची एक खोली. बायकोला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. बोलणंही थांबलं. मी कारखान्यात आणि ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मग मोरीत एक बेडूक यायला लागला. मातकट, अंगभर चामखिळी. रूप असं की आरशानंच तोंड फिरवावं! ही एका हातानं तांदूळ निवडायची आणि सापडलेली अळी त्याच्यापुढे टाकायची. त्याची जीभ सटकन बाहेर! एका संध्याकाळी तिनं विचारलं, "इलो काय तो?" सहा महिन्यांनी फुटलेले पहिले शब्द. आता सांगा, असा पाहुणा कोण हाकलेल?

पण शेजारचा वामन पेपर मोठ्यानं वाचायचा.

"दाजी, वाट लागली तुझी! बेडूक धरायला बंदी आलीय. त्यांचे पाय कापून परदेशात विकतात ना, म्हणून."

"मी कुठे पाय कापतोय रे?"

"घरात ठेवलायस ना? आत टाकतील!"

मला आत टाकलं तर हिला घोटभर पाणी कोण देणार? मी उठून खोलीचं दार लावलं.

"घाबरतोस काय? रीतसर परवानगी काढ," वामन म्हणाला आणि अर्ज लिहायला बसला. 'बेडूक, नग एक, रंग मातकट.' खाली लिहिलं, 'सोबत बेडूक जोडला आहे.'

जोडला आहे म्हटल्यावर न्यायला नको? मी तेलाचा रिकामा डबा घासला. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. तेवढी अक्कल होती हो मला! आणि पाण्यातला जीव, बसमध्ये सुकू नये म्हणून डबा काठोकाठ भरला. ही खाटेवरून काहीतरी सांगत होती, जीभ वळत नव्हती. मी म्हटलं, "येतो गं लगेच, शिक्का मारून आणतो त्याला."

दोन बस बदलून बोरिवलीला जंगलखात्याच्या कचेरीत पोचलो. तिथल्या म्हाताऱ्या गार्डनं झाकण काढलं. बोटानं बेडूक हलवून बघितला.

"काका, पाणी कुणी भरलं?"

"मी. का हो?"

"हा तसला बेडूक नाही. याला भेक म्हणतात. चामखिळी बघा. हा जमिनीवर राहतो. टेकायला जागा नसली की दमून बुडतो."

बेडूक बुडतो! ऐकलंय कधी?

"आणि कायद्याचं म्हणाल, तर बंदी त्या मोठ्या हिरव्या बेडकांना आहे. याला घरात ठेवलात म्हणून कुणी विचारलंही नसतं."

म्हणजे मी निर्दोष! डबा तेवढा जड झाला होता. कचेरीमागे झाडाखाली हातानंच खड्डा केला.

घरी आलो तर ही दाराकडे बघत होती. खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "साहेबांनी ठेवून घेतला. जंगलात मोठं तळं आहे, त्यात सोडला."

ती धडपडून कोपरावर उठली. सकाळी न वळलेली जीभ आता सुटली. "तळ्यात? अवो, तो बुडतलो! मोरीत पाणी सोडला की तो भित्तीक चढता. रोज बघतंय मी. सकाळी तुमका ताच सांगी होतंय!"

मी वामनला विचारलं, सरकारला विचारायला गेलो. तिला मात्र विचारलं नाही.

"उद्या जावा आणि तेका भायर काढा," ती रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाडा केला. पुन्हा दोन बस बदलून बोरिवलीला गेलो, दुपारपर्यंत कचेरीबाहेर बसलो आणि परत आलो.

"काढलात?"

"काढला."

"जितो आसा ना?"

"आहे. काठावर ठेवला, उन्हात."

"आंग पुसलात तेचा?"

"पुसलं," मी म्हटलं. "माझ्या धोतरानं."