गार्लंड सिग्मनवरचा संशय

गार्लंड सिग्मनची नजर माणसाच्या चेहऱ्याआधी कमरेकडे जायची. खोड जुनी होती. कापडगिरणीतून निवृत्त झाल्यावर पंधरा वर्षं तो गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वर्ग घ्यायचा. आधी कायदा नि सुरक्षितता, मग मागच्या माळावर नेमबाजी. त्याने पास केलं, तरच शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना देत असे. कुणाचा शर्ट उजवीकडे फुगलेला दिसला की गार्लंड मनाशी म्हणायचा, हा आपल्या हाताखालून गेलेला. किंवा, हा नाही.

त्या उन्हाळ्यात हे 'नाही'वाले वाढलेत, असं त्याला वाटायला लागलं. परवान्याची अटच काढून टाकणारं विधेयक राजधानीत आलं होतं. राज्यपालांनी ते नाकारलं होतं आणि त्यांचा नकार उलटवायला विधिमंडळात एकच मत कमी पडत होतं. मग वर्ग कशाला करायचा? वर्गात विसाचे तीन जण उरले.

"काय मास्तर, दुकानाला कुलूप कधी?" डॉईल हेफ्नरने खानावळीत सगळ्यांदेखत विचारलं. विधेयकाच्या बाजूने सह्या गोळा करत तोच गावभर हिंडत होता. चार वर्षांपूर्वी गार्लंडने त्याला नापास केलं होतं. नेम चुकला म्हणून नव्हे. एक विनोद सांगायला तो भरलेलं पिस्तूल हातात धरून सगळ्यांकडे वळला होता म्हणून.

गार्लंड पावातली कलेजीची वडी चावत राहिला.

"आणि पत्र झकास लिहिलंस हो," डॉईल म्हणाला. "नाव घालायला मात्र हात थरथरला वाटतं!"

साप्ताहिकात विधेयकाविरुद्ध एक निनावी पत्र आलं होतं. 'ज्याला पिस्तूल रिकामं करता येत नाही, त्याने ते खिशात घालू नये,' असं त्यात होतं.

"मी लिहिलं असतं तर नावानिशी लिहिलं असतं," गार्लंड म्हणाला.

कुणी हसलं नाही. कुणी 'खरंय' असंही म्हणालं नाही. पंधरा वर्षं ज्यांच्याबरोबर सकाळची कॉफी घेतली, ती माणसं आपापल्या बशीत बघत बसली.

पुढच्या आठवड्यात आमदार पॉला किलियन त्याच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांच्याच पक्षाचं विधेयक, आणि त्यांचंच मत अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

"सर, मी तुमच्याकडेच शिकले. तुम्हाला काय वाटतं?"

गार्लंडला वाटलं, ही विचारायला आलीय, की उद्या बोट दाखवायला माणूस शोधतेय?

"मी सांगितलं तसं मत द्याल?"

"तसं नाही म्हणता येणार."

"मग कशाला विचारता, बाई?" थोडं थांबून तो म्हणाला, "बंदूक माझ्या बापाचीही होती, माझीही आहे. सरकारने तिला हात लावलेला मला खपायचा नाही. पण पंधरा वर्षांत अकरा जणांना मी नापास केलंय. अकराही तुमचे मतदार. एवढंच सांगतो."

मतदानाच्या दिवशी पॉलाबाईंचं पोट बिघडलं. त्या गेल्याच नाहीत; मतदान पुढे ढकललं गेलं. खरंच बिघडलं का, गार्लंडला शंका होती. गावाला मात्र कसलीच शंका नव्हती: सिग्मननेच बाईला पढवलं. रस्त्याकडेची त्याच्या वर्गाची पाटी दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली.

शनिवारी हॉलमध्ये एकच जण आलं. डॉईलची बायको, नॅडीन. गार्लंड दारातच आडवा उभा राहिला.

"डॉईलने पाठवलं? बघून ये म्हणाला?"

"त्याला वाटतंय मी बहिणीकडे गेलेय." तिने पर्स घट्ट धरली होती. "मला परवाना नको. नातवंडं येतात, आणि तो पिस्तूल गाडीच्या सीटखाली ठेवतो. भरलेलं. मला फक्त त्यातल्या गोळ्या काढायला शिकव."

गार्लंड बाजूला झाला. टेबलाशी बसल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "ते पत्र मी लिहिलं होतं. आळ तुझ्यावर येईल असं नव्हतं रे वाटलं."

गार्लंडला राग आलाच. महिनाभर तो त्या पत्राचा संशय एकेकावर घेत होता: दुकानदारावर, पाद्रीबाबांवर, शेरीफच्या कारकुनावर. ही त्याच्या मनात एकदाही आली नव्हती.

"डॉईलला सांगशील?" तिने विचारलं.

"मी?" गार्लंडने आपलं रिकामं पिस्तूल टेबलावर तिच्यासमोर ठेवलं. "मला कोण विचारतंय आता? उचल. बोट चापापासून लांब."

दुपारपर्यंत तिला जमायला लागलं. जाताना तिने गाडी हॉलच्या मागून काढली. सोमवारी गार्लंड नेहमीच्या वेळी खानावळीत गेला, तेव्हा डॉईल सह्यांचा नवा कागद घेऊन बसला होता, आणि गार्लंडसाठी त्याच्या शेजारची खुर्ची कुणी सरकवून दिली नाही. गार्लंड काउंटरशी उभा राहून कॉफी प्यायला.

मतदान अजून झालेलं नाही.