घरी केलेत म्हणावं

ताटलीतला एकही लाडू दुसऱ्यासारखा नव्हता. आई गेल्यावर दुसऱ्या दिवाळीला वडिलांनी आम्हा नवराबायकोला फराळाला बोलावलं होतं.

"त्याला विचार, लाडू घेणार का," ते माझ्या बायकोला म्हणाले. मी हातभर अंतरावर बसलो होतो.

आमच्याकडे बाप मुलाशी बोलत नाही, निरोप धाडतो. चाळीस वर्षं ते निरोप आईनं वाहिले. तिला स्वतःला काय बोलायचं होतं, ते आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही.

मी बायकोला म्हटलं, "सांग त्यांना, विकतचे मला चालत नाहीत."

"घरी केलेत म्हणावं," वडील तिलाच म्हणाले आणि पाकानं पोळलेलं बोट त्यांनी मुठीत झाकलं.

लाडू तसेच राहिले. मी चहा मागितला, तोही बायकोकडेच.