माझ्या ब्लॉगवर मला शिव्या घालणारी बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ओळखतही असाल – ‘पोल्डरातली पोळी’ हा ब्लॉग वाचणारे आता पुष्कळ आहेत. ते इतके कसे झाले, तेच सांगायला बसलेय.

मी हूफडॉर्पला राहते, पाणी उपसून काढलेल्या सपाट डच जमिनीवर – तिलाच इथे पोल्डर म्हणतात. नवऱ्याची आयटीतली नोकरी विमानतळाजवळ, त्याच्यामागे मी आले. चिंचवडला शाळेत शिकवत होते, ते सुटलं. इथे डच येत नाही, ओळखीचं कुणी नाही, दुपारी साडेचारला दिवे लावायचे आणि समोरच्या एकसारख्या घरांच्या खिडक्या बघत बसायचं. मग लिहायला लागले. क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दही, फडक्यात टांगून श्रीखंड कसं करायचं, इथल्या टोकदार कोबीची भाजी पाणी का सोडते, सायकलवरून नारळ आणताना वाऱ्याने कशी फजिती केली – असलं काहीबाही. चांगलं लिहायचे हो मी. खरंच. पण वाचायचं कोण? एक्केचाळीस जण, त्यातले तीस नातेवाईक.

तेव्हा मी वाचक वाढवायच्या मागे लागले. इन्स्टाग्रामवर आम्ही बारा ब्लॉगवाल्या बायकांनी एक टोळी केली होती – एकीने काही टाकलं की बाकीच्या अकराजणींनी पाव तासात कौतुक करायचं. ‘वा ताई, तोंडाला पाणी सुटलं.’ न वाचताच. मी कुणाकुणाच्या पाककृतींखाली असली पाणी सोडलीत, आठवलं तरी हसू येतं. ओळखीच्या लग्नाच्या, शाळेच्या, सोसायटीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दुवे टाकले. दोन ग्रुपांनी हाकलून दिलं. लाज? ती तेव्हाच गुंडाळून ठेवली होती. पण हा काही माझा गुन्हा नव्हे. यासाठी मी लिहायला बसले नसते.

मग एकदा मी आमटीत गूळ घालायचं लिहिलं आणि खाली कोल्हापूरच्या कुणी गृहस्थांनी लिहिलं, ही आमटी आहे की सरबत? झालं. दोन दिवस नुसती धुमश्चक्री. पुणेकर धावून आले, कोकणातले आले, कधी नाव न ऐकलेली माणसं माझ्या बाजूने भांडत होती. आणि जाताना सगळी ब्लॉग फॉलो करून गेली.

तुमच्या लक्षात आलंच असेल मी काय केलं ते. हो – मी एक खोटं खातं उघडलं. नाव ‘खरंखुरं तिखट’, फोटो म्हणून सुक्या मिरच्या. आणि दुपारच्या वेळी, नवरा ऑफिसात असताना, त्या खात्यावरून मी मलाच शिव्या घालायला लागले.

फार छान जमायचं मला ते. स्वतःला कुठे लागतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? ‘परदेशात जाऊन आजीच्या नावाने दुकान मांडणाऱ्या बायका.’ ‘पोळ्या बघा, नकाशे बरे.’ मी लिहायचे, मग माझ्या खऱ्या नावाने अगदी सोशिक उत्तर द्यायचे – ‘आपल्या मताचा आदर आहे’ – आणि लोक चवताळून उठायचे. ताई, तुम्ही फार सभ्य आहात. ताई, आम्ही आहोत. ते वाचताना मला काय वाटायचं सांगू? बरं वाटायचं. खोटं सगळं माझंच होतं, पण ‘आम्ही आहोत’ हे तर खरंच कुणीतरी लिहिलेलं होतं ना?

इथवरही ठीक म्हणता येईल. चावटपणा म्हणा, वेडेपणा म्हणा. पण मी अजून मुद्द्याला हात घातलेला नाही. टाळतेय – माझं मलाच दिसतंय.

वैशाली. इथल्या मराठी मंडळातली, मूळची अकोल्याची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. नवरा कामानिमित्त सतत बाहेरगावी, घरात ती आणि नऊ वर्षांची ओवी. मंडळाच्या गणपतीला पन्नास-साठ पानांचा मसालेभात ती एकटी उतरवायची आणि वर भांडीही घासायची. बोलायची भसाभसा, हसायची मोठ्याने, त्यामुळे मंडळातल्या काही बायकांना ती जराशी खुपायची. मला नाही. मला ती आवडायची. मी तापाने पडले होते तेव्हा हुइसआर्ट्सला – इथल्या फॅमिली डॉक्टरला – फोन करून करून अपॉइंटमेंट तिने मिळवली होती, आणि चार दिवस वरण-भाताचा डबा सायकलला अडकवून आणला होता.

एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात पातोडीचा रस्सा शिकवायला आली. बेसन शिजवून थापायचं, वड्या कापायच्या, झणझणीत रस्सा करायचा. सगळं झालं आणि तिने कडेची एक वडी उचलली, चिमटीत कुस्करली आणि उकळत्या रश्शात टाकली. तिच्या आईची पद्धत. पहिली वडी रश्शाला द्यायची, म्हणजे मागून येणाऱ्या वड्यांना तो परका वाटत नाही. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि व्हिसाच्या कागदांपायी हिला जाता आलं नव्हतं. तिने मला म्हटलं होतं, हे मी कुणाला सांगत नसते वो ताई, हे तेवढं लिहू नका. मी कबूल केलं.

मी पातोडीवर लिहिलं. कुस्करलेली वडी लिहिली नाही – शब्द पाळला. आणि तिसऱ्या दिवशी, भांडण तापेना म्हणून, ‘खरंखुरं तिखट’ने लिहिलं – ‘पहिली वडी कुस्करून रश्शात टाकतात एवढंही ठाऊक नाही, आणि निघाल्या विदर्भ शिकवायला. मंडळात वाढलेल्या आमटीवरूनच कळलं होतं हिची धाव किती ते.’

का लिहिलं? विचार करून लिहिलं नाही, एवढंच मला आठवतंय. टीका खरी वाटायला तिच्यात काहीतरी आतलं लागतं, आणि आतलं म्हणून माझ्याकडे तेव्हा तेवढंच होतं. मंडळाचं नाव घेतलं तो तर शुद्ध गाढवपणा. म्हणजे लिहिणारी इथलीच, हे मीच सांगून टाकलं. आणि मंडळात विदर्भातली बाई होती किती? एक.

संध्याकाळच्या आत नेत्राताईंचा फोन. या मंडळाच्या कर्त्यासवरत्या, सगळ्यांची उठबस बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, अगं, ती अकोलावाली आहे, मी पैजेवर सांगते. आणि मी – इथे थांबते जरा – मी ‘नाही’ म्हणाले नाही. ‘असेल का हो?’ असं म्हणाले. तीन शब्द. ते मी अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

पुढचं मला करावंच लागलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तिला तोंडावर बोललं नाही. आपल्यात तसं करतच नाहीत. मंडळाचा एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्यात जुन्या ग्रुपातले सगळे होते, ती सोडून. जुन्या ग्रुपावर ती बिचारी ‘या वर्षी तांदूळ किती आणू?’ विचारत राहिली आणि कुणी उत्तर देईना. गणपतीत तिला गोड शब्दांत सांगितलं की दरवर्षी तूच राबतेस, यंदा आराम कर. ओवीच्या वाढदिवसाला आठ मुलं बोलावली होती, दोन आली. त्यातलं एक डच शेजाऱ्यांचं. हे मला ठाऊक आहे कारण मी गेले होते. हो, गेले होते. भेट घेऊन. सगळे म्हणाले, काय मन आहे बाईचं!

वैशाली त्यानंतर एकदा माझ्याकडे आली. भर पावसात सायकल हाणत, नुसती निथळत होती. दारातच म्हणाली, “ताई, मी नाही वो केलं ते. आईशपथ नाही. तुमचा तरी विश्वास आहे ना?”

मी तिला टॉवेल दिला. आत बसवलं, चहा केला. म्हटलं, माझा पूर्ण विश्वास आहे. याहून खरं वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन. ती रडली, मी पाठीवरून हात फिरवला, आणि बाहेर कुणालाही काहीही सांगितलं नाही. एक फोन पुरला असता. नेत्राताईंना एवढंच – ती मी होते. किती वेळ लागला असता? पण मग ‘ताई, आम्ही आहोत’ म्हणणाऱ्या त्या सगळ्यांचं काय झालं असतं? मी तराजू धरला आणि ती हलकी पडली. हे असंच घडलं, दुसरं काही म्हणता येणार नाही.

ती गेल्यावर दोन दिवसांनी मी ब्लॉगवर लिहिलं – ‘जिने मला दुखावलं तिला’. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. लिहिलं की, तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, आणि मी तुला माफ केलंय. माझ्या घराचं दार तुझ्यासाठी उघडं आहे. तुम्हाला तो लेख आठवत असेल. कदाचित तोच वाचून तुम्ही आला असाल, बहुतेक लोक त्यानेच आले. कुठल्या कुठल्या देशांतून बायकांनी तो एकमेकींना पाठवला. मंडळात तो मोठ्याने वाचून दाखवला गेला. हा माझा गुन्हा. खोटं खातं नव्हे – हा. एका निरपराध बाईला मी जगासमोर माफ केलं.

ती आता रॉटरडॅमला असते. त्यांनी इथलं घर सोडलं, ओवीची शाळा बदलली. पत्ता मला ठाऊक आहे. मी गेलेले नाही.

उरलंय ते एवढंच, ती इथून जाण्याआधीचं. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचा नाच होता आणि ओवीला त्यात घेतलं नव्हतं. नेत्राताईंनी वैशालीला निरोप धाडला – एकदा सगळ्यांसमोर सॉरी म्हण, विषय संपेल, पोरीलाही नाचात घेऊ. हे मला आधी कळलं होतं. मी गप्प बसले. मला वाटलं, ती कशाला म्हणेल? न केलेल्या गोष्टीची माफी कुणी मागतं का?

तिने मागितली. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी, भाड्याच्या हॉलमध्ये, सगळे आकाशकंदील टांगत होते तेव्हा. ओवी बाकीच्या मुलींबरोबर भिंतीशी उभी होती, ओढणी हातात गुंडाळून. वैशाली मधोमध येऊन उभी राहिली आणि म्हणाली की ते मीच लिहिलं होतं, माझी चूक झाली, ताईंनी मोठ्या मनाने माफ केलं. आवाज एकदाही कापला नाही. तालीम करून आली असावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

नेत्राताईंनी मला पुढे ढकललं. मी वैशालीला मिठी मारली. कुणीतरी फोन वर धरून म्हणालं, अशाच थांबा. तेव्हा ती माझ्या कानाशी बोलली, अगदी हळू, माझ्याशिवाय कुणालाही ऐकू जाणार नाही असं.

“ती वडी मी फक्त तुम्हाला दाखवली होती. आता बस करा ना ताई.”

तिला ठाऊक होतं. कधीपासून? त्या पावसातल्या दुपारी माझ्या दारात उभी राहून विचारत होती, तेव्हाही? मला वाटतं, ठाऊक होतं. ती मला संधी द्यायला आली होती आणि मी तिला टॉवेल दिला.

फोन धरणाऱ्याने इकडे बघा म्हणून सांगितलं. मी तिला सोडलं नाही. वळले, आणि चांगली हसले. तो फोटो मी त्याच संध्याकाळी ब्लॉगवर टाकला.